वरची बैठक

आमच्या बोटीला चालवायच्या जागा दोन होत्या. एक खाली केबिनमध्ये, काचेच्या आड. दुसरी वर, छतावर, उघड्या हवेत. दोन्ही ठिकाणी एकेक स्टेअरिंग आणि रेसची एकेक दांडी. घरात आम्ही त्यांना खालची बैठक आणि वरची बैठक म्हणायचो. खालच्या बैठकीतून फक्त समोरचं दिसायचं, तेही काच पुसलेली असेल तर. वरून धरणाचा सगळा नाथसागर दिसायचा: पाणी कुठं उथळ आहे, मासे धरणाऱ्यांची जाळी कुठं पसरली आहेत, रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग आज कोणत्या काठाला उभी आहे. वर अण्णा बसायचे, माझे वडील. खाली मी.

या दोन दांड्या एकमेकींपासून सुट्या नव्हत्या. वरच्या दांडीची केबल छतातून, भिंतीच्या पोकळीतून खाली इंजिनापर्यंत यायची, खालच्या दांडीची केबल फळीखालून तिथंच यायची, आणि दोघी एकाच लोखंडी पट्टीला अडकवलेल्या असायच्या. ती पट्टी हलली की इंजिनाची रेस कमी-जास्त व्हायची. त्यामुळं अण्णांनी वर दांडी पुढं केली की खाली माझ्यासमोरची दांडीही आपोआप पुढं सरकायची. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती भुताटकी वाटे. मी गरज नसताना तिच्यावर हलकेच तळहात ठेवून बसायची. अण्णा चिडलेले असले की दांडी फटकन पुढं जायची. पक्ष्यांजवळ पोचलो की इतकी सावकाश सरकायची की डोळ्यांना कळू नये, फक्त हाताला कळावं. अण्णा घरात फार बोलणाऱ्यातले नव्हते. त्यांच्याशी माझं जे काही बोलणं झालं त्यातलं बरंचसं त्या दांडीतून झालं, असं मी आज हिशेबी मनानंही म्हणू शकते.

मी तेव्हा शहरात बी.कॉम. करत होते, गुलमंडीजवळ मावशीकडं राहून. शनिवारी दुपारची एसटी धरून गावी यायची. तेव्हाच्या पाटीवर औरंगाबाद असायचं, आता संभाजीनगर असतं. रस्ता तोच, बिडकीनवरून. आमची निम्मी जमीन जायकवाडीच्या पाण्याखाली गेली ती माझ्या जन्माआधी. बैल तेव्हाच विकले गेले. उरलेल्या तुकड्याला भाड्याचा ट्रॅक्टर पुरायचा. पुढं कधीतरी अण्णांनी मुंबईकडून ही जुनी बोट ट्रकवर घालून आणली आणि हिवाळ्यात पक्षी बघायला येणाऱ्यांना फिरवायला सुरुवात केली. बैल गेल्यापासून त्यांचा पोळा सुना जायचा. बोट आली तसा त्यांनी तिचाच पोळा मांडला. पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांची खांदेमळणी करतात, वर्षभर जू ओढून दुखावलेले खांदे हळद-तुपानं चोळतात, तशी ते बोटीची खांदेमळणी करायचे. दोन्ही दांड्यांना, स्टेअरिंगला, इंजिनाच्या झाकणाला तूप-हळदीचं बोट. गावातले लोक हसायचे. आई म्हणायची, "हसू द्या, तुमच्या बैलाला शेण तरी काढावं लागत नाय."

त्या वर्षी वैशाखात माझ्या भावाचं लग्न झालं. राजूदादा वाळूजच्या कंपनीत शिफ्टमध्ये, तो फक्त सुट्टीच्या दिवशी घरी. घरात मागं उरली ती शोभा वहिनी, अजिंठ्याची, तिच्या वडिलांचं तिथं भाड्याच्या सायकलींचं दुकान. वयानं माझ्याच बरोबरीची. सासऱ्यांना ती आमच्याकडच्या रीतीनं मामा म्हणायची आणि आईला आत्याबाई. पावसाळा सरता सरता मी एका शनिवारी गावी आले, धक्क्यावर गेले, तर वरच्या बैठकीत अण्णांशेजारी वहिनी बसलेली. पदर कमरेला खोचून, डोळ्यांवर हाताचं छप्पर धरून. अण्णा तिला बोटानं काहीतरी दाखवत होते. मला वर कधी बसवलं नव्हतं त्यांनी. "खाली भरवशाचं माणूस लागतं," म्हणायचे, आणि मी ते वाक्य कितीतरी वर्षं अंगावर दागिन्यासारखं वागवलं होतं. त्या दिवशी मी खाली जाऊन बसले, दांडीवर हात ठेवला. ती हलली, पण वळण वेगळं होतं, जरा घाईचं, मग थबकणारं. हात वहिनीचा होता.

हेवा माणसाला किती बारीक हिशेब ठेवायला लावतो. आई धपाटे थापायची, तव्यावरचा पहिला कुणाच्या ताटात पडला हे मी बघायची. अण्णा जेवताना "येसराची आमटी झाक झाली" म्हणाले, तर ती कुणी केली होती हे आठवायची. वहिनी चुलीपाशी बसून हळू आवाजात गुणगुणायची आणि अण्णा ओट्यावर बसून ऐकत असायचे, सुपारी कातरायचं थांबवून. तो अडकित्त्याचा थांबलेला आवाज मला अजून ऐकू येतो. वाईट असं की वहिनीत नाव ठेवण्यासारखं काही नव्हतं. मी शोधून पाहिलं.

दिवाळीनंतर अण्णांचा गुडघा धरला. शहरातल्या डॉक्टरांनी शिडी चढायची नाही म्हणून बजावलं. शिडीशिवाय वरची बैठक नाही. अण्णांनी ओट्यावर बसूनच निकाल सांगितला, "पुण्याचे पाहुणे दोन दिस येत्यात. एक सकाळ सूनबाईनं वर बसायचं, एक सकाळ सुमीनं. जिला जमंल तिची वरची बैठक. हंगामभर."

आई म्हणाली, "आन जिला जमणार नाय ती?"

"ती खाली."

पुण्याचे ते पाहुणे दरवर्षी रोहित पक्षी बघायला यायचे, गळ्यात दुर्बिणी, कॅमेऱ्यांना लांब नळकांडी. त्यांना फार जवळ जाऊन चालायचं नाही आणि फार लांबही. इंजिन जरा जरी गुरगुरलं की सगळा थवा उठायचा आणि मग दिवसभर बसायचा नाही. सगळं काम रेसच्या दांडीचं होतं, कणाकणानं. मी त्या आठवड्याला शुक्रवारीच आले.

शनिवारी पहाट उलटून गेली तरी धुकं होतं, ऊन नावालाही नव्हतं. वहिनी वर चढली. मी खाली, आणि अण्णा पहिल्यांदाच माझ्या शेजारच्या बाकावर, पाय लांब करून. मला त्याचं काही वाटलं नाही. माझं सगळं लक्ष डोक्यावरच्या छताकडं होतं. त्यांचंही. पक्षी दिसले. वहिनीनं रेस अगदी उतरवली, पुन्हा जरा वाढवायला गेली, आणि माझ्या हाताखालची दांडी जागची हलेना. चिकटल्यासारखी. वरून ती जोर लावत असावी, कारण एकाएकी दांडी वीतभर पुढं उसळली, बोटीनं नाक वर करून उडी घेतली आणि समोरचा सगळा गुलाबी काठ आकाशात गेला. पाहुण्यांनी कॅमेरे खाली घेतले. एक जण सभ्यपणे म्हणाला, "असू द्या, होतं असं."

धक्क्याला लागल्यावर वहिनी खाली उतरली. तोंड एवढंसं झालेलं.

मी म्हटलं, "वहिनी, सायकलचा ब्रेक नाही तो, करकचून दाबायला."

"दाबला नाय हो सुमाताई. आधी हललीच नाय ती, मग एकदम सुटली."

अण्णा म्हणाले, "परवा दुपारी म्या खालूनच हलवून बघितली, फुलासारखी हलकी व्हती. हात नवा हाय, दुसरं काय."

पाहुणे धपाटे-दह्याकडं वळले. मी केबिनमध्येच राहिले. दांडी अडकली होती हे माझ्या तळहाताला कळलं होतं, मी ते बोलले नव्हते. आणि आता मला एक गोष्ट स्वस्थ बसू देत नव्हती: परवा दुपारी हलकी आणि आज सकाळी जड, दांडी तीच, तर फरक हाताचा कसा? खरं सांगायचं तर वहिनीची बाजू घ्यावी म्हणून मी उठले नाही. दुसऱ्या सकाळी त्या दांडीवर माझा हात असणार होता.

इंजिन बंद होतं. फळी उचलून मी आत उतरले. आधी इंजिनापासून पट्टी सोडवली आणि इंजिनाचा रेसचा हात बोटानं ढकलून पाहिला. अलगद गेला, अलगद परत आला. म्हणजे इंजिनाचा दोष नाही. वर येऊन खालची दांडी हलवली, अजून जड. म्हणजे दोन केबलींपैकी एकीत काहीतरी. मग पट्टीवरून वरच्या बैठकीची केबल काढली आणि खालची दांडी पुन्हा हलवली. ती इतकी सहज फिरली की माझा हात पुढं जाऊन काचेवर आपटला. खालची केबल निर्दोष. वरची स्वतः अडकत होती आणि जोडलेली असल्यामुळं खालचीलाही धरून ठेवत होती. आकडेमोडीत चूक शोधताना असंच करतात, एकेक रक्कम बाजूला काढून उरलेलं जुळतं का बघायचं. पुढं आयुष्यभर मी पोटासाठी तेच केलं.

बाहेर वहिनी उभी होती. "सापडलं का?"

"वरची केबल. काढावी लागेल."

"मी वरून सोडते, तुम्ही खालून वढा. हळू हां, मुरगळली की मेली." सायकलवाल्याची लेक, केबल कशी धरायची ते तिला सांगावं लागलं नाही.

आम्ही ती पूर्ण बाहेर काढून धक्क्यावर पसरली. वरच्या टोकाची टोपी काढली तर आतली तार पिवळी दिसली. मी वंगण समजून बोटावर घेतलं. रवाळ होतं. नाकाशी नेलं. आई तूप कढवताना त्यात विड्याचं पान टाकते, तो वास. आणि हळद. भादव्यातल्या उकाड्यात पातळ होऊन ते नळीत लांबवर उतरलं असणार, आणि आता थंडीत रोज रात्री गोठत असणार. दुपारी छताचा पत्रा तापला की सुटायचं, म्हणून परवा अण्णांना दांडी हलकी लागली.

अण्णा खोक्यावर बसले होते, दुखरा पाय पुढं करून. एक पाहुणा ताट हातात घेऊन कुतूहलानं बघायला आला होता. मी पोळ्याला गावी नव्हते, परीक्षा होती, त्यामुळं मला खरंच ठाऊक नव्हतं. मी केबलचं टोक वर धरून विचारलं, "हे खांदेमळणीचं तूप आहे. बाहेरून बोट लावायचं सोडून आत कुणी ओतलं?"

अण्णांनी पाण्याकडं बघितलं.

"माझ्याच हातून झालं मामा," वहिनी म्हणाली. "मला वाटलं, आतूनबी लावायचं असतं."

पाहुणा हसला. "बोटीला तूप! चांगलं खाऊ घालता हो."

"नवी हाय," अण्णा त्याला म्हणाले. मग तिच्याकडं न बघता, "असू दे पोरी. रॉकेल आणा कुणी."

मला बरं वाटलं. लपवण्यात अर्थ नाही, मला फार बरं वाटलं. पक्षी उडाले ते तिच्या हातामुळंच, फक्त पोळ्याच्या वेळच्या. वहिनीनं केबल बाभळीच्या फांदीला उभी टांगली, प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून टोकाला सुतळीनं बांधला आणि त्यात रॉकेल ओतलं. खालून थेंब थेंब पिवळं पडायला लागलं. मग स्वच्छ. मग इंजिनऑईल. आम्ही दोघी मिळून तार मागंपुढं ओढत राहिलो. ती मध्येच म्हणाली, "उद्या तुम्हाला चांगली जाईल सुमाताई," आणि मी तिला "हं" म्हणाले.

दुपारी आईसोबत मी पाहुण्यांच्या हुरड्याची तयारी करत होते. ती लसणाची चटणी कुटत होती, मी गुळाचे खडे करत होते. मी म्हटलं, "तुझ्या सुनेनं बोटीला तूप पाजलं, कळलं का?"

"कवा?"

"पोळ्याला. खांदेमळणी तिनं केली ना."

आईचा हात थांबला नाही. "शोभा कुठं व्हती पोळ्याला? पंचमीला माहेरी गेली ती गणपती बसायच्या तोंडावर आली. तूप तुझ्या बापानं नेलं. वाटीभर कढत करून मागितलं. म्हणला, पावसानं वरची दांडी जड झालीया, खांदा धरलाय तिनं, आतून चोळायला पाहिजे." मग हसली. "म्या म्हणलं, बैल न्हाई तो. तर म्हणला, तुला काय कळतंय."

मी गूळ फोडत राहिले. अंगणात बाभळीखाली अण्णा आणि वहिनी केबलला टोपी बसवत होते. ती काहीतरी म्हणाली, अण्णांनी नुसती मान हलवली. दोघांना ठाऊक होतं. आईलाही अर्धं ठाऊक होतं. मी कुणाला काय सांगणार होते? अण्णांनी केलं हे अण्णांना? तू खोटं बोललीस हे तिला? ज्या सकाळच्या चुकीतून सुटायची तिला आयती संधी होती, तीच चूक तिनं आपणहून पदरात घेतली होती, वरच्या बैठकीसकट. परक्या माणसापुढं सासऱ्याची मान खाली जाऊ नये एवढ्यासाठी. मी त्यांची लेक. केबल वर धरून मी सगळ्यांदेखत विचारलं होतं.

रविवारी सकाळी शिडीवर पाय ठेवताना मी वळून म्हटलं, "वहिनी, पोळ्याला तुम्ही अजिंठ्याला होतात."

"व्हय का?" ती काच पुसत म्हणाली. "माझ्या ध्यानात नाय."

त्या सकाळी बोट मी कशी चालवली हे मला तंतोतंत आठवतं. दांडी लोण्यासारखी फिरत होती. पक्ष्यांच्या डोळ्यांत डोळे घालता येतील इतक्या जवळ गेले, एकही उठला नाही. पाहुण्यांच्या कॅमेऱ्यांचा बारीक कटकट आवाज तेवढा येत होता. इतक्या वर्षांत मला हवी होती ती जागा ही होती: वारा, सगळं पाणी, शेजारी अण्णा. मी शेजारी पाहिलं. बाक रिकामा होता. अण्णा शिडी चढू शकत नव्हते, म्हणून तर ही बैठक माझ्याकडं आली होती. ते खाली होते, वहिनीच्या बाजूला, जिथं काल ते माझ्या बाजूला बसले होते आणि मी छताकडं बघत होते. पायाखालच्या पत्र्यातून त्यांचा आवाज येत होता. ते बोलत होते. थांबून, सावकाश, पण बोलतच होते, आणि मधून वहिनी "मग?" म्हणत होती.

धक्क्यावर उतरल्यावर अण्णांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "जमलं तुला. वरची बैठक तुझी."

हंगामभर ती माझी होती. परीक्षेपर्यंत दर शनिवार-रविवार मी वर बसले, मफलर गुंडाळून, नाक गळत, आणि खाली अण्णा बोलत राहिले. शब्द कळायचे नाहीत. इंजिनाच्या आवाजात फक्त लय कळायची. मी एकदा खाली बसायचं आहे म्हणून सांगितलं. अण्णा म्हणाले, "का? तुझ्यासारखं कुणाला जमत नाय," आणि मी पुन्हा शिडी चढले.

अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली. बोट त्याआधीच भंगारात गेली. वहिनी आणि मी आता अगंतुगंवर आहोत. ती शहरात डॉक्टरकडं आली की माझ्याकडं उतरते. मागच्या महिन्यात आली होती. मी चहाला आलं ठेचत होते, ती भाजी निवडत होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "शोभा, त्या हंगामात अण्णा खाली तुझ्याशी एवढं काय बोलायचे गं?"

तिनं जरा आठवलं. "बैलांचं. विकले ते. कोणता कसा चालायचा, कोणता पाण्याला भ्यायचा, कुणाचा डावा खांदा दुखायचा. नावं सांगायचे सगळ्यांची."

"तुला आठवतात?"

"न आठवायला काय झालं," ती म्हणाली, आणि मेथीची काडी मोडता मोडता एकेक नाव सांगत गेली. मी त्या घरात जन्मले, वाढले. त्यातलं एकही मी कधी ऐकलं नव्हतं.